चित्रकला स्वतः शिकताय? शेडिंगला हात लावायच्या आधी या चुका टाळा

दर रविवारी आमच्या ओसरीत गावातले चार-पाच पोट्टे चित्रांच्या वह्या घेऊन येतात, आणि दिवाळीपासून तर एक चाळिशीतले कास्तकार भाऊही यायला लागलेत. मी कुठल्या आर्ट कॉलेजात गेलो नाही, शाळेत असताना चित्रकलेच्या एलिमेंटरी-इंटरमिजिएट परीक्षा दिल्या तेवढंच, बाकी सगळं कागद खराब करून करून शिकलो. दहा-बारा वर्षं झाली, दुसऱ्यांच्या वह्या पाहून राहिलो आणि चुका पाहतो तर त्याच त्या. म्हणून एकदाचं लिहून टाकतो.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे शेडिंगची घाई. मोबाईलवर व्हिडिओ पाहिलेला असतो, त्यात डोळ्यातली चमक, ओठाचा ओलेपणा, एकेक केस. मग पोट्टे चेहऱ्याचा आकार दोन मिनिटांत उरकतात आणि डावा डोळा घेऊन दोन तास बसतात. डोळा झकास होतो आणि चेहरा भलत्याच माणसाचा होतो.

हे मी स्वतः केलंय आणि ते अजून मनात आहे. शेजारचे काका वारले तेव्हा काकूंनी तेरवीसाठी मोठं चित्र मागितलं, फोटो म्हणजे एक जुना पासपोर्ट साइजचा, तोही कोपऱ्यात शिक्का असलेला. मी तीन रात्री बसलो. मिशीचा केस न् केस काढला, 6बी, म्हणजे मऊ गडद पेन्सिल, झिजवली, सदऱ्याच्या बटनाची भोकंसुद्धा सोडली नाहीत. घेऊन गेलो तर काकूंनी बराच वेळ पाहिलं आणि हळूच म्हणाल्या, "मेहनत लय घेतली बाबू तू, पण हे ते नाही वाटत." घरी येऊन कागदाची पट्टी फोटोवर ठेवून मोजलं तेव्हा समजलं. फोटोत डोळे डोक्याच्या टाळूपासून हनुवटीपर्यंतच्या बरोब्बर मध्यावर होते, माझ्या चित्रात ते चांगले बोटभर वर सरकले होते. काकांचं भलंमोठं कपाळ मी खाऊनच टाकलं होतं. त्या रात्री नवीन कागदावर आधी दोन तास नुसतं मोजमाप केलं, शेडिंग जेमतेम अर्धा तास, मिशी म्हणजे एक सपाट काळा ठिपका. सकाळी नेलं तर काकू काही बोलल्या नाहीत, नातवाला म्हणाल्या, हार आण.

तर डोळे डोक्याच्या, म्हणजे टाळू ते हनुवटीच्या, मध्यावर असतात, वर नाही. आपल्याला कपाळात पाहण्यासारखं काही दिसत नाही म्हणून हात ते आपोआप लहान करतो. समोरून पाहिलं तर दोन डोळ्यांच्या मध्ये साधारण एका डोळ्याची जागा असते, कान भुवईपासून नाकाच्या खालच्या टोकापर्यंत येतो. लहान लेकराचे डोळे मध्याच्याही खाली असतात, ते वर काढले की लेकरू म्हातारं दिसते. समोर खरी वस्तू असेल तर पेन्सिल हातात उभी धरा, एक डोळा मिटा, अंगठा सरकवून माप घ्या, पण कोपर पूर्ण ताठ पाहिजे, कोपर वाकलं की दर वेळी माप वेगळं येते. माझी सवय अशी की पहिला अर्धा तास एचबीच वापरायची आणि तीही हलकी, 4बी-6बी तोपर्यंत पाकिटातच. आणि शंका आली की चित्र उलटं करून पाहतो, नाहीतर आरशात, वाकडं असेल ते लगेच दिसते.

दुसरी चूक पोळ्याच्या आसपास दिसते. सगळ्यांना बैल काढायचा असतो, बैल दावणीला उभा असतो आणि हे काढतात मोबाईलमधल्या फोटोवरून! काऊन? तर म्हणे तो हलते. अरे, तो बसून रवंथ करत असतो तेव्हा बसा ना त्याच्यासमोर. जवळून काढलेल्या फोटोत थोबाड मोठं येते आणि मागचा भाग आखडतो, तसाच्या तसा चित्रात उतरतो. शिवाय फोटोवरून काढणारा मागचा पाय हमखास चुकवतो. बैलाच्या मागच्या पायाला जो सांधा मागे टोक काढून असतो तो गुडघा नाही, ती टाच आहे. गुडघा वर पोटाजवळ असतो, हात लावून पाहा, समजते. पोट्टे त्या टाचेलाच गुडघा समजून पुढे वाकवतात आणि मग बैलाचं कातडं पांघरलेला माणूस उभा राहतो. वशिंडही पाठीच्या मधोमध नको, ते खांद्यावर, पुढच्या पायांच्या वर. आणि आपल्या वर्धा-नागपूरकडची गवळाऊ जात पांढरी-करडी, तिला अंगभर काळं करत बसू नका, कागद तसाच सोडा आणि मागचा गोठा गडद करा, बैल आपोआप पुढे येते.

गडवा, म्हणजे तांब्या, काढताना वरचं तोंड गोल आणि बूड एकदम सरळ रेघ, हेही रोजचंच. गडवा जमिनीवर ठेवून वरून पाहत असाल तर बूड तोंडापेक्षा जास्त गोलाईत दिसते. आणि तोंडाच्या दोन्ही बाजूला टोकं आणू नका, तिथेही वळणच असते.

बाकीच्या पटापट सांगतो. बोटाने घासू नका, बोटाचं तेल लागून डाग पडतात, एवढा कापूस घरात असते, सरकी काढून तो घ्या. हाताखाली कोरा कागद ठेवा, मे महिन्यात घामाने शीटच्या लाटा होतात. केसाळ रेघ, म्हणजे तुकडे तुकडे जोडून ओढलेली, ती सोडा, दोन टिंबं द्या आणि खांद्यातून एका दमात ओढा, मनगटातून नाही. चोवीस पेन्सिलींचा डबा मागवायची गरज नाही, एचबी, 2बी, 6बी पुरतात. बी वाढत जाते तसं त्यात ग्राफाइट जास्त आणि माती कमी, म्हणून 6बीने सुरुवात केली की खोडून निघत नाही. ट्रेसिंग बॅनर रंगवायला ठीक, शिकायला नाही, या बाबतीत मी कोणाचं ऐकत नाही. रविवारी पाच तास बसण्यापेक्षा रोज वीस मिनिटं बसा.

ते कास्तकार भाऊ दुपारी धुऱ्यावर झाडाखाली बसून काढतात. मागच्या रविवारी त्यांनी वहीचं पान भरून नुसते मागचे पाय आणले होते, एकही पूर्ण बैल नाही. त्यातले शेवटचे दोन बरोबर आलेत.