पडलेला तुकडा आधी उलटून पाहा: मोझॅकमधल्या या चुका टाळा

तुळशी वृंदावनावरचे तुकडे पहिल्याच पावसाळ्यात गळू लागले, की बहुतेक जण खाली पडलेला तुकडा उचलतात, थोडं पांढरं सिमेंट लावतात आणि परत दाबून बसवतात. महिनाभरात तो पुन्हा खाली येतो. चूक कुठे झाली ते त्या तुकड्याच्या पाठीवरच दिसतं, म्हणून चिकटवण्याआधी तो उलटून पाहा.

पाठ कोरी आणि गुळगुळीत असेल, तर मसाल्याने, म्हणजे तुकडा चिकटवायच्या सिमेंटच्या गाऱ्याने, तुकड्याला धरलंच नव्हतं. पाठीवर मसाल्याचा थर आहे आणि त्या थराला रंगाचा, चुन्याचा किंवा मातीचा पापुद्रा चिकटलेला आहे, तर तळ, म्हणजे ज्यावर तुकडे बसवले तो पृष्ठभाग, सुटला. मसाला मधूनच फुटला असेल आणि बोटाने चोळल्यावर पिठासारखा झडत असेल, तर तो पिकण्याआधीच वाळला. तिन्हींचा इलाज वेगळा आहे. एकाचा इलाज दुसऱ्याला चालत नाही.

मोझॅक म्हटलं की आपल्या गावांत संगमरवराच्या चुरीची घोटीव फरशी आठवते, नाहीतर गच्चीवर फुटक्या पांढऱ्या टाइल्स बसवलेलं चायना मोझॅक. इथे विषय आहे तो तुकड्यांनी चित्र, अक्षर किंवा दागिना घडवण्याचा. पण गच्चीवर काम करणाऱ्या मिस्त्रीला ज्या चुका माहीत असतात, त्या इथेही जशाच्या तशा लागू पडतात.

तळ कच्चा असेल तर

सगळ्यात जास्त कामं तळामुळे बिघडतात. वृंदावनाचंच घ्या. बाहेरून तुकडे बसवले, आत माती भरली, रोज तांब्याभर पाणी घातलं. ते पाणी सिमेंटच्या भिंतीतून बाहेरच्या बाजूला झिरपतं, सोबत क्षार आणतं, आणि तुकड्याच्या मागे येऊन साचतं. ऊन लागलं की क्षारांचे खडे फुगतात आणि तुकडा ढकलला जातो. बाहेरून कितीही भारी गोंद लावला तरी हे थांबत नाही, कारण पाणी आतून येतंय.

म्हणून आधी आतलं काम करा. वृंदावनाच्या बुडाला इंचभराचं भोक हवं. आतल्या बाजूने पॉलिमर मिसळलेल्या सिमेंटच्या वॉटरप्रूफिंगचे दोन हात द्या, पहिला उभा आणि तो वाळल्यावर दुसरा आडवा. बुडात 5 सेंमी बारीक गिट्टी पसरा आणि मग माती भरा. तुकडे आधीच गळू लागले असतील तर तुळस कुंडीत हलवा, माती काढा, वृंदावन कोरड्या दिवसांत किमान पंधरा दिवस सुकू द्या, आतून हात मारा आणि त्यानंतरच बाहेरची दुरुस्ती करा.

दुसरा घोळ काळ्या मातीचा. ती पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसून हात जाईल एवढ्या भेगा पाडते, आणि तिच्यावर बांधलेला ओटा तिच्यासोबत हलतो. ओट्याला गेलेली तड मोझॅकने झाकली, तर पुढच्या एप्रिल-मेमध्ये ती तड तुकड्यांमधून जशीच्या तशी वर येते. नवा ओटा एक पावसाळा आणि एक उन्हाळा खाऊ द्या. खाली मुरमाची भर नसेल तर तिथे मोझॅक करूच नका. जुनी, न वाढणारी तड असेल तर नक्षीच अशी आखा की तडेवर तुकड्यांची सांध येईल. त्या सांधीत सिमेंट न भरता सिलिकॉन भरा.

डिस्टेंपर किंवा चुना मारलेल्या भिंतीवर थेट काम करू नका. रंग खरवडा, छिन्नीने टोचे मारा, पाण्याने धुवा. मातीच्या, शेणाने सारवलेल्या भिंतीवर सिमेंटचा थर धरतच नाही. मातीची भिंत ओल घेते आणि सोडते, सिमेंट तसं हलत नाही, म्हणून ते पापुद्र्यासारखं सुटून येतं. अशा घरी 6 मिमीच्या सिमेंट शीटवर वेगळी पाटी करा आणि ती खुंटीला टांगा. लाकडी तळच हवा असेल तर बीडब्ल्यूपी, म्हणजे उकळत्या पाण्यातही न सुटणारं, प्लायवूड (आयएस 710) घ्या. एमडीएफ आणि साधा कमर्शियल प्लाय पावसाळ्यात फुगतो.

कोरी पाठ म्हणजे मसाला चुकला

भिंतीच्या साध्या सिरॅमिक टाइलची पाठ पाणी पिते. कोरडा तुकडा ओल्या सिमेंटवर ठेवला की तो मसाल्यातलं पाणी शोषून घेतो आणि सिमेंट पकडण्याआधीच मरतं. साधं सिमेंट वापरणार असाल तर हे तुकडे तासभर पाण्यात ठेवा, मग वरचं पाणी निथळू द्या.

काच आणि व्हिट्रिफाइड टाइल याच्या अगदी उलट. त्या पाणी जवळजवळ घेतच नाहीत, त्यामुळे नुसत्या सिमेंटच्या गाऱ्याला त्यांच्यात शिरायला जागा नसते. घरबांधणीतून उरलेले व्हिट्रिफाइडचे तुकडे फुकट मिळतात म्हणून गावाकडे तेच सर्रास वापरले जातात आणि तेच सर्वात आधी निघतात. यांना पॉलिमर असलेलं टाइल ॲडेसिव्हच लागतं. तळावर 3 मिमी थर द्या आणि शिवाय प्रत्येक तुकड्याच्या पाठीला पातळ लेप लावून दाबा. पारदर्शक काचेखाली पांढरं ॲडेसिव्ह घ्या, करड्यावर रंग मळकट दिसतो.

पांढरा फेविकॉल असो की लाकूड चिकटवायचा दुसरा कुठला साधा गोंद, तो फक्त घरातल्या कोरड्या कामाला. ओल लागली की तो परत मऊ होतो. आरशाचे तुकडे असतील तर व्हिनेगरसारखा वास येणारं सिलिकॉन टाळा. त्यातून सुटणारं आम्ल आरशाची पाठ खातं आणि काही महिन्यांत कडेने काळे डाग येतात. न्यूट्रल सिलिकॉन किंवा इपॉक्सी (दोन नळ्यांतलं मिसळून लावायचा गोंद) घ्या.

पाणी आणि ऊन

पूर्णेच्या खोऱ्यातला खारपाणपट्टा, म्हणजे अकोला, अमरावती, बुलढाणा जिल्ह्यांतली गावं. इथल्या बोअरच्या खारट पाण्यात मसाला आणि ग्राउट (तुकड्यांमधल्या सांधींत भरायचं मिश्रण) कालवलं की सांधींवर पांढरी भुकटी फुटणारच. ती ओल्या फडक्याने पुसली की क्षार विरघळून परत आत जातात आणि आठवड्याने पुन्हा दिसतात. कोरड्या नायलॉन ब्रशने झाडा. 30 × 20 सेंमीच्या पाटीला ग्राउटसाठी पेलाभरसुद्धा पाणी लागत नाही, तेवढं फिल्टरचं किंवा साठवलेलं पावसाचं वापरा.

भुकटी काढायला कोणी टॉयलेट साफ करायचं ॲसिड ओततं. त्याने भुकटी जाते, सोबत ग्राउटही जातं, आणि तुकडे संगमरवराचे किंवा चुनखडीचे असतील तर त्यांची चकाकी कायमची जाते.

पिठासारखा झडणारा मसाला ही आपल्या उन्हाळ्याची देणगी. सिमेंट वाळून कडक होत नाही, ते पाण्याशी संयोग होऊन कडक होतं. पारा 45 अंशांवर, गरम वारा सुटलेला, अशात दुपारी अकराला भरलेलं ग्राउट अर्ध्या तासात कोरडं ठणठणीत होतं आणि आतून कच्चंच राहतं. नखाने ओरखडा काढून पाहा, पांढरी पूड आली तर ते गेलं. एप्रिल ते जून हे काम ऊन उतरल्यावर, सावलीत करा. तळावर आधी पाणी शिंपडा, फक्त पाणी साचलेलं नको. भरून झालं की भिजवलेली चुंगडी किंवा जुनं लुगडं टाका, वर प्लास्टिक, आणि तीन दिवस ओल टिकवा. नवतपा असेल तर ते काम पुढे ढकललेलं बरं.

ग्राउट

सांध 3 मिमीपर्यंत असेल तर बिनरेतीचं ग्राउट, त्याहून रुंद असेल तर बारीक चाळलेली रेती मिसळलेलं. रुंद सांधीत नुसतं पांढरं सिमेंट भरलं की ते आकसतं आणि मधोमध केसासारखी रेघ पडते. प्रमाण मापाने तीन भाग पावडर, एक भाग पाणी. हे मिश्रण घट्ट दह्यासारखं दिसतं आणि हात शिवशिवतो की थोडं पाणी घालावं. घालू नका. दहा मिनिटं ठेवून परत ढवळा, ते आपोआप सैल होतं.

रंगासाठी रांगोळीची पूड किंवा होळीचा गुलाल चालत नाही. सिमेंटचा क्षार आणि ऊन दोन्ही मिळून तो उडवतात. हार्डवेअरच्या दुकानातला ऑक्साइड घ्या, सिमेंटच्या वजनाच्या 5 टक्क्यांपर्यंत. सगळं ग्राउट एकाच घमेल्यात एकदाच कालवा, दुसऱ्या खेपेचा रंग हुबेहूब जुळत नाही.

नावाची पाटी

देवनागरीला इंग्रजी अक्षरांचे साचे लावता येत नाहीत. वर वेलांटी-मात्रा, खाली उकार, म्हणून अक्षराची उंची धरताना वर-खाली निम्मी जागा जास्त सोडावी लागते. 1 सेंमीच्या तुकड्यांत 30 × 20 सेंमीच्या पाटीवर नाव बसत नाही, जोडाक्षरांचा नुसता गठ्ठा होतो. 5 मिमीचे तुकडे घ्या, सांध दीड मिमी. सुमारे 1400 तुकडे लागतील आणि ग्राउटची पावडर 250 ग्रॅम पुरून उरेल.

आधी शिरोरेघ सलग लावा, मग अक्षरांचे दांडे, मग गोलाई. गोलाईत चौकोनी तुकडे वळवायला गेलं की बाहेरच्या बाजूला फाकतात, तिथे तुकडे पाचरीसारखे एका बाजूने निमुळते कापा. त्यानंतर अक्षराच्या भोवती पार्श्वभूमीच्या रंगाची एक ओळ अक्षराला चिकटून फिरवा, आणि बाकी जागा शेवटी भरा. ही एक ओळ चुकवली की अक्षर मागच्या रंगात बुडतं.

खळ लावून कागदावर उलटं काम करणार असाल, म्हणजे तुकडे आधी कागदावर पालथे चिकटवून मग पाटीवर उतरवणार असाल, तर अक्षरं आरशात दिसतात तशी उलटी काढावी लागतात. हे विसरल्यामुळे पूर्ण झालेल्या पाट्या फोडाव्या लागतात. ट्रेसिंग पेपरवर नाव लिहा, कागद पालथा करा आणि मगच उतरवा.

दागिन्यातलं मोझॅक

रोममध्ये अठराव्या शतकात काचेचे केसासारखे बारीक दांडे ओढून, त्यांचे कण उभे रोवून ब्रोच आणि पेंडंट घडवायला सुरुवात झाली. जाकोमो राफाएल्ली याने 1775 मध्ये अशा कामाचं प्रदर्शन भरवलं. उत्तम नमुन्यांत एका चौरस इंचात हजाराहून जास्त कण असतात. त्या कारागिरांच्या एका सवयीकडे लक्ष द्या. ते जवसाच्या तेलातली, सावकाश घट्ट होणारी पुट्टी वापरत, म्हणजे कण पुन्हा पुन्हा सरकवता येत.

आपण नेमकं उलटं करतो, फेविक्विक लावतो. तो कण ठेवताच धरतो, सरकवता येत नाही, काचेवर पांढरं धुकं सोडतो आणि धक्क्याने तडकतो. सावकाश घट्ट होणारी इपॉक्सी घ्या, दोन्ही नळ्या मापाने सारख्या. बारीक थेंब कालवू नका, थेंबात प्रमाण हमखास चुकतं आणि मिश्रण आयुष्यभर चिकटच राहतं. मटाराएवढे दोन्ही घ्या आणि पूर्ण दोन मिनिटं घोटा. 42 अंशांत ते पाकिटावर लिहिलेल्या वेळेच्या बरंच आधी आवळतं, म्हणून एका वेळी कोंदणाचा एक तृतीयांश भागच भरा.

25 मिमीच्या गोल कोंदणात 2 मिमीचे कण, सांध 0.3 मिमी धरली तर 80 ते 90 लागतात. कोंदण 2 मिमी खोल असेल आणि कणही 2 मिमी जाड असतील, तर इपॉक्सीच्या थरामुळे ते काठाच्या वर येतात, कपड्यात अडकतात आणि उखडतात. कण दीड मिमी, थर अर्धा मिमी. थर त्याहून जाड झाला तर इपॉक्सी सांधीतून वर येते आणि ग्राउटला जागा उरत नाही. कोंदण आधी 120 नंबरच्या पॉलिश पेपरने घासा, स्पिरिटने पुसा, आणि मग आत बोट लावू नका.

वाढवलेल्या बांगड्यांची काच या कामाला फार सुंदर, फक्त निवडून घ्या. बऱ्याच बांगड्यांचा रंग वरवरचा असतो. तुकडा रात्रभर नेलपॉलिश रिमूव्हरमध्ये ठेवा, रंग सुटला तर बाजूला काढा. गोल दांड्याचा कण आडवा ठेवला की लोळतो, म्हणून दोन चाकांच्या निप्परने (काच कापायच्या पक्कडीने) आडवे काप घ्या आणि कण उभा रोवा. कापलेलं तोंड वर आलं की काचेचा आतला खरा रंग दिसतो. निप्पर आणि हात पारदर्शक पिशवीच्या आत ठेवून कापा, डोळ्यांना चष्मा हवाच. कचरा कोरडा झाडू नका, ओल्या फडक्याने टिपून घ्या. जिथे लहान मुलं अनवाणी फिरतात त्या ओसरीत हे काम नको.

0.3 मिमीच्या सांधीत साधं ग्राउट शिरत नाही. मलमलच्या कापडातून गाळलेली पावडर घ्या, पातळ दह्यासारखी करा आणि बोटाने दाबून भरा. रोमचे कारागीर रंगीत मेण भरत. आपल्याकडे ते नको, कारण मेण 62-64 अंशांना वितळतं आणि मेच्या उन्हात तापलेलं धातूचं कोंदण त्याच्या जवळ जातं.

वरून रेझिनचा थर द्यायचा असेल तर पावसाळ्यात झडीचे दिवस टाळा. दमट हवेत त्यावर धुरकट, चिकट पापुद्रा येतो. कानातलं असेल तर एकाचं वजन 8 ग्रॅमच्या आत ठेवा, आणि पितळी कोंदणाच्या मागच्या बाजूला लॅकरचा हात द्या, नाहीतर घामाने हिरवं होतं.

एखादा कण वाकडा बसून इपॉक्सी कडक झाली असेल तर पक्कडीने ओढू नका, शेजारचे चार निघतात. केस वाळवायच्या ड्रायरने दोन-तीन मिनिटं तापवा, इपॉक्सी थोडी मऊ होते, मग सुईने तेवढाच कण उचला. खालचा जुना थर सुईनेच खरवडून काढा आणि ताज्या इपॉक्सीत नवा कण रोवा. 24 तास तो हलवू नका.