तिसऱ्या सकाळपर्यंत थांबा

उंदरांवरच्या माझ्या पहिल्या प्रयोगात मी माद्या नरांसोबत सोडल्या आणि दुसऱ्या दिवशी पहाटेच प्लग बघायला गेले. समागमानंतर नराच्या स्रावाचं पांढरट बूच मादीच्या योनीत बसतं, त्याला आम्ही प्लग म्हणतो. तो दिसला की तिथून गर्भाचे दिवस मोजायचे. त्या सकाळी जवळपास काहीच नाही. दुसऱ्या सकाळी तेच. नर म्हातारे असतील अशी समजूत करून घेतली आणि नवे नर मागवायचा अर्जही लिहिला. तिसऱ्या सकाळी निम्म्याहून जास्त माद्यांना प्लग!

प्रयोगशाळेतल्या ताई हसल्या. "आधी माद्या कशा ठेवल्या होत्यास?" एकत्र, नरांपासून लांब. तिथेच उत्तर होतं. मादीचं माजाचं चक्र एरवी ४-५ दिवसांचं, पण नराच्या वासाविना माद्यांना एकत्र ठेवलं की ते रेंगाळतं, कधी थांबतंच. ली आणि बूट यांनी १९५५ साली अशा माद्यांचं बिघडलेलं चक्र नोंदवलं. नराच्या मूत्राचा वास आला की चक्र पुन्हा सुरू होतं आणि बऱ्याच जणी तिसऱ्या रात्री माजावर येतात. हा व्हिटन परिणाम, १९५६ सालचा. आता मी जोड्या लावायच्या दोन दिवस आधी नराच्या पिंजऱ्यातला मूठभर मळका भुसा माद्यांकडे टाकते.

पण हाच भुसा चुकीच्या पिंजऱ्यात पडला तर घात होतो. नुकताच समागम झालेल्या मादीला अनोळखी नराचा वास आला की गर्भ रुजतच नाही आणि काही दिवसांत ती परत माजावर येते. हिल्डा ब्रूस यांनी हे १९५९ साली दाखवलं. अनोळखी वासामुळे प्रोलॅक्टिन हे संप्रेरक घटतं आणि गर्भ टिकवणारी यंत्रणा ढासळते. ज्याच्याशी समागम झाला त्या नराचा वास मात्र ती लक्षात ठेवते, त्याने काही होत नाही. गर्भ एकदा नीट रुजला की धोका सरतो, म्हणून पहिले चार दिवस जपायचे. एका महिन्यात माझ्या गाभण माद्या ओळीने रिकाम्या निघाल्या. मी खाद्य बदललं, पाणी तपासलं. शेवटी कळलं की पिंजरे साफ करताना मी नरांपासून सुरुवात करत होते आणि तेच हातमोजे घालून माद्यांकडे जात होते.

सगळे वास हवेतून येत नाहीत, हेही उशिरा समजलं. नराच्या मूत्रात डार्सिन नावाचं प्रथिन असतं (इंग्रजी कादंबरीतल्या एका देखण्या नायकाचं नाव त्याला दिलंय, शास्त्रज्ञांनाही हौस असते). ते उडत नाही, मादीने त्या डागाला नाक लावावं लागतं. एकदा लावलं की त्या नराचा उडता वासही तिला ओढू लागतो. म्हणजे मधे जाळी टाकून "मादीला नर आवडतो का" असं विचारत असाल, तर जाळीतून नाक पोचतं का ते आधी बघा.

आवाजाचं त्याहून अवघड. मादीचा वास आला की नर गातो, अक्षरशः. पण ते गाणं बहुतांशी ५० किलोहर्ट्झच्या वर असतं आणि आपले कान २० ला संपतात. घरट्याबाहेर पडलेलं पिल्लू असंच ओरडतं आणि आई त्याला तोंडात धरून परत आणते. सुरुवातीला वटवाघळांचे (तेही आपल्या कानांपलीकडचे) आवाज ऐकायचं साधं यंत्र मिळालं तर तेवढ्यावर भागवा. शांत वाटणारी खोली किती गजबजलेली आहे ते कळल्यावर दार आपटणं आपोआप बंद होतं.

आणि तुमचा स्वतःचा वास. पुरुष संशोधक जवळ असला की उंदरांवरचा ताण वाढतो, हे २०१४ साली प्रसिद्ध झालं, तेव्हा आमच्याकडच्या मुलांचे चेहरे बघण्यासारखे होते. शक्यतो रोज एकानेच हाताळावं, आणि कोण आत आलं ते वहीत लिहावं. शेपटीला धरून उचलायची सवय लावूच नका. नळीत शिरू द्या किंवा ओंजळीत घ्या. शेपटीने उचललेले उंदीर जास्त बिथरतात, मग ते नराशी कसे वागले याची नोंद घेण्यात काय अर्थ?

"हुंगणं" म्हणजे किती अंतरावरून, किती सेकंद, हे उंदरांच्या वागण्याच्या चित्रफिती बघून नोंदी करायला बसण्याआधी ठरवा. बाकी आकडेमोड शिकता येते.

मास्क पहिल्या दिवसापासून लावा. उंदरांची ॲलर्जी होते ती प्रामुख्याने मूत्रातल्या प्रथिनांची, डार्सिनच्याच कुळातल्या. मी दोन वर्षं हयगय केली. आता नरांचं कपाट उघडलं की तिसऱ्या मिनिटाला मला शिंका येतात.