पडद्यावरची परी खोटी वाटते? या चुका टाळा

बोटभर उंचीची, पंखांची परी आपल्या शॉर्टफिल्ममध्ये आणायची ठरली की सगळे तिच्याच मागे लागतात: चेहरा, पोशाख, चमचम. पण परी फसते ती बहुतेक वेळा समोरच्या नटांमुळे. "इथे कुठेतरी बघ" म्हटलं की दोघांच्या नजरा दोन दिशांना जातात, आणि मग एडिटमध्ये परी कुठेही बसवली तरी ती कुणालाच दिसत नसते.

काडीच्या टोकाला छोटा एलईडी बांधा आणि परी जशी उडणार तसाच तो कुणाला तरी फिरवायला सांगा. नजर ठरते, गालावरून उजेड सरकतो, डोळ्यांत ठिपका चमकतो. हा उजेड नंतर रंगवून इतका खरा वाटत नाही. काडी नंतर एडिटमध्ये पुसावी लागते, म्हणून कॅमेरा न हलवता तीच फ्रेम एकदा रिकामीही शूट करा. १९०४ साली लंडनच्या रंगमंचावर 'पीटर पॅन'मधली टिंकर बेल म्हणजे आरशाने फिरवलेला कवडसा होता. समोरचे नट त्याच्याशी मनापासून बोलले की तेवढं पुरतं, असं माझं ठाम मत आहे.

पंख हिरव्या पडद्यापुढे शूट करू नका. ठाण्याच्या जांभळी नाक्यावरून आणलेल्या जिलेटिन पेपरच्या पंखांतून मागचा हिरवा रंग दिसतो आणि पडदा काढताना पंखही जातात. काळं कापड लावा, बाजूने उजेड टाका, एडिटमध्ये 'स्क्रीन' ब्लेंड (दोन चित्रं एकमेकांत मिसळायची एक पद्धत) निवडा; काळं आपोआप नाहीसं होतं. उजळ आकाशापुढे मात्र असे पंख दिसत नाहीत, तिथे परीला झाडाच्या सावलीतून उडवा.

अंग गोठलेलं आणि नुसते पंख हलताहेत, हेही डोळ्याला खुपतं. ठाण्यात घोडबंदर रोडवरच्या ओवळेकर वाडीच्या फुलपाखरू उद्यानात जाऊन फुलपाखरू स्लो मोशनमध्ये टिपा. पंख खाली आले की अंग वर उचललं जातं, ते बघून परीलाही तसेच हेलकावे द्या. मधमाशीसारखी वेगवान फडफड हवी असेल तर वेगळे पंख दाखवूच नका. मधमाशी सेकंदाला २०० हून जास्त वेळा पंख मारते. सेकंदाला २५ फ्रेममध्ये त्याचा फक्त धूसर पट्टा दिसतो.

घरातल्या दिव्याखाली चित्रात पट्टे सरकतात? आपली वीज ५० हर्ट्झची आहे. कॅमेऱ्याचा ऑटो बंद करा, २५ फ्रेम आणि १/५० सेकंद शटर ठेवा, एक्स्पोजर (चित्राचा उजळपणा) लॉक करा.

आवाजात घुंगरांची किणकिण एकसारखी वाजवू नका. नटाची नजर डावीकडून उजवीकडे गेली तर आवाजही हेडफोनमध्ये तसाच सरकवा.