रास्पबेरी पायवर एव्हीआर-जीसीसी सोर्सपासून बांधताना

एव्हीआर म्हणजे अर्डुइनो उनोसारख्या बोर्डांवरच्या चिपचं कुटुंब, आणि एव्हीआर-जीसीसी हा त्यांच्यासाठीचा कंपायलर. बुकवर्मवर (डेबियन १२) आधारलेल्या रास्पबेरी पाय ओएसमध्ये ॲप्टने, म्हणजे तयार पॅकेजमधून, तो घेतला की जीसीसी ५.४ मिळतो. मूळ ५.४ हा २०१६ सालचा. अर्डुइनो उनोवर साधं सी लिहायचं असेल तर तो पुरतो, उगाच खटाटोप करू नका. पण सी++१७ मधलं 'इफ कॉन्स्टएक्स्पर' जीसीसी ७ पासून आलं. ते हवं असेल तर कंपायलर स्वतः बांधावा लागतो. पुढचं सगळं १ जीबी रॅमचा पाय ३ धरून लिहिलं आहे.

बांधायच्या गोष्टी तीन आणि क्रम पक्का: आधी बिनयुटिल्स (असेंब्लर, लिंकर वगैरे), मग जीसीसी, शेवटी एव्हीआर-लिबसी (एव्हीआरसाठीची सी लायब्ररी). जीसीसीला बिनयुटिल्सचा असेंब्लर लागतो आणि एव्हीआर-लिबसी तुमच्या नव्या जीसीसीनेच कंपाइल होते. याच क्रमाने २.४२, १३.२ आणि २.२ या आवृत्त्यांची जोडणी चालते. ॲप्टने बिल्ड-इसेन्शियल, बायसन, फ्लेक्स आणि टेक्सइन्फो घ्या. टेक्सइन्फो विसरलात तर अर्ध्या वाटेत 'मेकइन्फो सापडला नाही' असं येऊ शकतं. कार्डावर निदान ६ जीबी मोकळी ठेवा.

खरी अडचण मेमरीची. जीसीसीच्या काही आपोआप तयार होणाऱ्या फाइली अवाढव्य असतात. चार कोअर आहेत म्हणून 'मेक -जे४' (एका वेळी चार कामं) दिलं, तर अशा दोन-तीन फाइली एकदम येतात आणि कर्नल कंपायलरलाच मारतो. पडद्यावर नुसतं 'किल्ड' दिसतं. कारण डीमेसेजमध्ये (कर्नलच्या नोंदींत) 'आउट ऑफ मेमरी' म्हणून सापडतं. स्वॅप (रॅम संपली की डिस्कवरची वापरली जाणारी जागा) २०४८ एमबी करा, म्हणजे डीफिस-स्वॅपफाइलच्या सेटिंगमध्ये आकडा बदलून ती सेवा पुन्हा सुरू करा, आणि '-जे२' वर राहा. स्वॅप यूएसबी एसएसडीवर ठेवता आला तर उत्तम. एसडी कार्ड स्वॅपने झिजतं.

दर वेळी वेगळ्याच फाइलवर 'सेगमेंटेशन फॉल्ट' आला तर सोर्सला दोष देऊ नका. पायची स्थिती दाखवणाऱ्या व्हीसीजेनसीएमडी कमांडचं 'गेट_थ्रॉटल्ड' चालवा. ०x० आलं तर ठीक. ०x५०००० म्हणजे मध्ये कधीतरी व्होल्टेज पडलं आणि वेगही कमी केला गेला. मोबाइलचा जुना चार्जर बाजूला ठेवून ५.१ व्होल्ट, २.५ अँपिअरचा सप्लाय लावा, प्रोसेसरवर हीटसिंक बसवा.

सगळ्यांचा प्रीफिक्स (इन्स्टॉल करायचं फोल्डर) एकच ठेवा, /ऑप्ट/एव्हीआर. ते फोल्डर तयार करून लगेच चाऊनने आपल्या नावावर करा, म्हणजे इन्स्टॉलला सुडो लागणार नाही. ही पायरी गाळली की हमखास फसतं: एव्हीआर-लिबसीचं 'सुडो मेक इन्स्टॉल' शेवटाला येऊन 'एव्हीआर-रॅनलिब सापडला नाही' म्हणतं, कारण सुडो तुमचा पाथ (कमांड शोधायच्या फोल्डरांची यादी) टाकून स्वतःचा ठरावीक पाथ वापरतो.

बिनयुटिल्सला टार्गेट एव्हीआर आणि डिसेबल-एनएलएस द्या, मेक, इन्स्टॉल. विशेष काही नाही. आता /ऑप्ट/एव्हीआर/बिन पाथमध्ये सर्वांत पुढे घाला.

जीसीसीच्या सोर्स फोल्डरमध्ये 'कॉन्ट्रिब' खालची डाउनलोड_प्रीरिक्विझिट्स स्क्रिप्ट चालवा. जीएमपी, एमपीएफआर, एमपीसी या जीसीसीला लागणाऱ्या गणिती लायब्ररी ती आणते. बिल्ड मात्र शेजारच्या रिकाम्या फोल्डरमध्ये. टार्गेट एव्हीआर, भाषा सी आणि सी++, शिवाय डिसेबल-एनएलएस आणि डिसेबल-लिबएसएसपी. हा क्रॉस कंपायलर, म्हणजे पायवर चालून दुसऱ्या चिपसाठी कोड बनवणारा, असल्याने स्वतःला पुन्हा पुन्हा बांधायचं तीन फेऱ्यांचं बूटस्ट्रॅप होत नाही, तरी पायला हे काम तासन्‌तास पुरतं. टीमक्समध्ये लावा (त्यात जोडणी तुटली तरी काम चालू राहतं), नाहीतर एसएसएच तुटलं की सगळं पाण्यात. पाय ४ वर ३२-बिट ओएस असेल तर एक खोच आहे: कर्नल ६४-बिटचा असू शकतो, त्यामुळे कॉन्फिगर फसतं आणि जीएमपी अडते. तेव्हा बिल्ड म्हणून 'आर्म-लिनक्स-जीएनयूईएबीआयएचएफ' स्वतः द्या.

एव्हीआर-लिबसीला टार्गेट नाही, होस्ट एव्हीआर द्यायचा, आणि बिल्डला कॉन्फिग.गेस (मशीनचा प्रकार ओळखणारी सोर्समधली स्क्रिप्ट) जे सांगेल ते.

तपासायला रिकामा मेन लिहून '-एमएमसीयू=एटीमेगा३२८पी' देऊन लिंक करा. 'सीआरटीएटीमेगा३२८पी.ओ सापडत नाही' आलं, तर लिबसी दुसऱ्याच प्रीफिक्समध्ये गेली आहे. चिपवर प्रोग्राम चढवणारा एव्हीआरड्यूड ॲप्टचाच घ्या. सीरियल पोर्ट उघडेना तर स्वतःला डायलआउट ग्रुपमध्ये घालून पुन्हा लॉगिन करा. जुन्या बूटलोडरच्या अर्डुइनो नॅनोला बॉडरेट ५७६०० लागतो, ११५२०० नाही.