बेळगावात नर्गिस लावताय? या चुका टाळा

एका दांड्यावर झुबक्यानं फुलणारा सुवासिक नर्गिस आपल्याकडच्या थंडीत सहज फुलतो. तरी दुसऱ्या वर्षी कुंडीत नुसतीच पात येते किंवा तीही येत नाही, आणि मग बेळगावच्या हवेला बोल लावला जातो. माझ्या मते खरं नुकसान पावसाळ्यात होतं.

हे झाड मुळात भूमध्य समुद्राकाठचं. तिथं पाऊस हिवाळ्यात आणि उन्हाळा कोरडा. आपल्याकडं नेमका नर्गिसचा जमिनीतला कांदा झोपलेला असताना पाऊस लागतो. खानापूरच्या बाजूला तर विचारूच नका. कुजायला सुरुवात बुडापासून होते. बूड तपकिरी पडतं, अंगठ्यानं दाबलं की आत जातं. असा कांदा लगेच फेकून द्या, शेजारचे नासतील.

म्हणून पात पिवळी पडून लोळली की पाणी तोडा. कांदे काढून माती झटका, सावलीत वाळवा आणि जाळीच्या पिशवीत घालून माळ्यावर टांगा. स्वयंपाकाच्या कांद्यांजवळ अजिबात नको. हे कांदे विषारी आहेत, पोटात गेले तर उलट्या होतात. पात हिरवी असताना मात्र कापू नका, तिची गाठही मारू नका. पुढच्या फुलाचा सगळा साठा तीच करते.

ट्यूलिपसारखे हे कांदे फ्रीजमध्ये ठेवणं ही दुसरी मोठी चूक. यांची कळी उन्हाळ्याच्या उबेत आतल्या आत धरते. इंग्लंडच्या सिली बेटांवर तर 'सोलेल दोर' या पिवळ्या जातीला फुलं लवकर यावीत म्हणून मुद्दाम धूर देत आले आहेत.

जात निवडताना नुसता फोटो बघू नका. पेपरव्हाइट हा पांढऱ्या फुलांचा नर्गिस आणि त्यातली 'झिवा' ही जात थंडीवाचून फुलतात. 'जिरेनियम' दिसायला सुंदर, पण ती पोएटिकस या जास्त थंडी लागणाऱ्या नर्गिसशी झालेल्या संकरातली. तिला आपली थंडी पुरत नाही.

लागवड दिवाळीच्या सुमारास करा. चिकोडी-अथणीकडच्या काळ्या मातीत पाणी धरून राहतं, तिथं कुंडीच बरी: तांबडी माती, जाड वाळू, थोडं जुनं शेणखत. कांद्याचं टोक वर दिसू द्या. युरिया नको. ऊन भरपूर हवं, नाहीतर दांडे लांबून आडवे पडतात.

फुलं कापलीत तर पहिली रात्र वेगळ्या पाण्यात ठेवा. दांड्यातल्या चिकट रसानं सोबतचे गुलाब लवकर माना टाकतात. दुसऱ्या दिवशी एकत्र ठेवताना दांडे परत छाटू नका.