मोसमातली पहिली क्रॉस-कंट्री एमटीबी शर्यत: या चुका टाळा

सह्याद्रीच्या पट्ट्यात माउंटन बाइक शर्यतींचा मोसम पाऊस ओसरला की, दिवाळीच्या आगेमागे सुरू होतो. पायांची तयारी तोवर ट्रेनरवर (जागच्या जागी सायकल चालवायच्या स्टँडवर) किंवा डांबरी रस्त्यावर झालेली असते. सायकल मात्र चार महिने एकतर चिखलात हाणलेली असते, नाहीतर दमट खोलीत भिंतीला टेकवून ठेवलेली. पहिल्या शर्यतीत दगा बहुतेक वेळा तीच देते, म्हणून सुरुवात तिथूनच.

सीलंट आहे असं धरून चालणं

ट्यूबलेस (आत ट्यूब नसलेल्या) टायरची भोकं बुजवायला जूनमध्ये भरलेलं सीलंट ऑक्टोबरात टायरच्या आत सुकलेली साय होऊन चिकटलेलं असतं. टायर हवा धरतो, त्यामुळे शंका येत नाही. चाक काढून कानाशी हलवा. आत डुचमळल्याचा आवाज आला नाही तर व्हॉल्व्हचा कोअर काढून २९ × २.२५ इंची टायरमध्ये ९० ते १२० मिली घाला. साय जाड झाली असेल तर टायर उतरवून ती सोलून काढा. टायर उतरवलाच आहे तर आतून सुती फडकं फिरवा. बाभळीच्या काट्याचं मोडकं टोक बोटाला लागायच्या आधी फडक्यात अडकतं. हे सगळं शर्यतीच्या तीन-चार दिवस आधी. आदल्या रात्री चढवलेला ट्यूबलेस टायर सकाळी बसलेला सापडला तर दोष टायरचा नाही.

आणि एक: शर्यतीत टायरमध्ये काटा रुतलेला दिसला, पण हवा जात नसेल, तर उपटू नका. तोच बूच आहे.

फुगवून दगड केलेला टायर

पंक्चरच्या भीतीने ३५-४० पीएसआय भरण्याची खोड ट्यूबच्या जमान्यातली आहे. पावसानंतर आपल्याकडच्या पायवाटांवर माती वाहून जाते आणि कडक जमिनीवर सुटा मुरूम उरतो, फरशीवर गोट्या सांडल्यासारखा. त्यावर कडक टायर वळणात घसरतो आणि चढावर जागच्या जागी फिरतो. ६५ ते ७० किलोच्या माणसाने २.२५ च्या ट्यूबलेसला पुढे १९-२०, मागे २१-२३ पीएसआयपासून सुरुवात करावी. आत ट्यूब असेल तर २८-३० च्या खाली जाऊ नये, नाहीतर दगडावर आपटून ट्यूबला सापाच्या दातांसारखी दोन भोकं पडतात. पाहणीच्या फेरीत रिम दगडाला लागल्याचा ‘टण्ण’ आवाज दोनदा आला तर एक-दीड पीएसआय वाढवा. फ्लोअर पंपाचा काटा इतक्या कमी हवेला भरवशाचा नसतो. डिजिटल गेज घ्या आणि दर वेळी तेच वापरा.

ब्रेककडे सर्वांत शेवटी बघणं

पावसाळ्यात चेनवर स्प्रेचं तेल मारताना त्याचे तुषार मागच्या रोटरवर (ब्रेकच्या चकतीवर) बसतात. मग ब्रेक किंचाळतो आणि धरत नाही. रोटर आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा, पॅड काढून १२० नंबरच्या पॉलिश पेपरवर हलके घासा. तरीही आवाज राहिला तर पॅडने तेल प्यायलंय, फेकून द्या. भाजून तेल काढायचे उपाय सांगणारे भेटतील, पण शर्यतीच्या उतारावर तो प्रयोग नको.

नवे पॅड बसवले तर सपाट रस्त्यावर ताशी २०-२५ किलोमीटरवरून चालण्याच्या वेगापर्यंत वीस वेळा हळूहळू ब्रेक मारा. चाक लॉक होऊ देऊ नका, पूर्ण थांबूही नका. हे न करता थेट उतरलात तर पॅड चकचकीत होऊन बसतात आणि पकड येतच नाही.

लिव्हर हँडलबारला टेकत असेल तर ब्रेकच्या तेलाच्या नळीत हवा शिरली आहे. ब्लीड करावं लागेल, म्हणजे ती हवा बाहेर काढावी लागेल. शिमानोच्या ब्रेकला मिनरल ऑइल लागतं, स्रॅमच्या अनेक मॉडेलना डॉट ५.१ हे वेगळं ब्रेक-तेल. एकात दुसरं घातलं की आतले सील फुगतात आणि पूर्ण ब्रेक बदलायची वेळ येते. लिव्हरवर लिहिलेलं वाचा, अंदाज नको.

नवी चेन, जुनी कॅसेट

शर्यतीच्या आठवड्यात हौसेने नवी चेन टाकली जाते आणि पहिल्याच चढावर पूर्ण जोर लावला की चेन दातांवरून निसटते. जुनी कॅसेट (मागच्या दातेरी चकत्यांचा संच) जुन्या ताणलेल्या चेनप्रमाणे झिजलेली असते. चेन चेकर लावा: बारा स्पीडला ०.५ टक्के झीज दिसली की चेन बदला, आणि हा बदल शर्यतीच्या किमान दोन आठवडे आधी करा. गिअर एका टोकाला बरोबर आणि दुसऱ्या टोकाला खडखड करत पडत असतील तर केबल पिळण्याआधी मागून हँगर (गिअर बदलणारा डिरेलर फ्रेमला जोडणारा तुकडा) बघा. डिकीत सायकल आडवी टाकून आणली की तो वाकतोच. सायकल गिअरची बाजू वर करून ठेवा. सुटा हँगर सोबत असू द्या, प्रत्येक फ्रेमचा वेगळा असतो.

फोर्कमधली (पुढच्या सस्पेन्शनमधली) हवाही चार महिन्यांत उतरते. शर्यतीचे कपडे, हेल्मेट, भरलेली बाटली अशा पूर्ण वजनानिशी बसून सॅग, म्हणजे वजनाने फोर्क किती दबतो ते, मोजा: १०० मिमीच्या फोर्कला १५ ते २० मिमी.

मार्ग एकदाच, आणि वेगात बघणं

आदल्या दिवशी किमान दोन फेऱ्या: पहिली सावकाश, दुसरी फक्त अवघड टप्पे शर्यतीच्या वेगाने. ड्रॉप (वाटेतली एकदम खाली जाणारी पायरी) आणि दगडांच्या जागा सायकल बाजूला ठेवून चालत बघा. अवघड जागेला वळसा घालणारी सोपी वाट, बी-लाइनही, लक्षात ठेवा, कारण तिसऱ्या फेरीत हात थरथरत असताना तीच लागते. शर्यतीच्या सकाळी पुन्हा एक नजर टाकाच. २०२१ च्या टोकियो ऑलिंपिकमध्ये एका ड्रॉपखाली सरावात लावलेली फळी शर्यतीत नव्हती. ती असेल या समजुतीत नेदरलँड्सचा मॅथ्यू व्हॅन डर पूल पहिल्याच फेरीत आपटला.

पहिल्या पाच मिनिटांत सगळं उधळणं

सुरुवात झाली की सगळे पहिल्या सिंगलट्रॅककडे (एका वेळी एकच सायकल मावेल अशा पायवाटेकडे) सुटतात. तिथे कोंडी होते हे खरं, त्यामुळे थोडा जोर हवाच. पण पायांत आग पेटेपर्यंत ओढलंत तर पुढचे दोन चढ सायकलवरून उतरून ती ढकलण्यात जातात. रुंद रस्त्यावर जागा मिळवा, सिंगलट्रॅकमध्ये शिरताच श्वास सावरा. एकसारख्या फेऱ्या मारणारा शेवटच्या फेरीत माणसं गाठतो.

वॉर्मअप २०-२५ मिनिटं, त्यात अर्ध्या ते एका मिनिटाचे दोन-तीन जोरदार झटके, आणि शिट्टीच्या दहा मिनिटं आधी रांगेत. उभं राहताना मधला गिअर टाकून ठेवा. क्लीटमध्ये (बुटाच्या तळाच्या, पॅडलमध्ये अडकणाऱ्या पट्टीत) वाळलेला चिखल असेल तर बूट पॅडलला बसणार नाही, आधी खरवडा.

खाणं तीन तास आधी: इडली, केळी, ब्रेड-जॅम. शेंगदाणे घातलेले तेलकट पोहे चढावर परत भेटतात. शर्यतीत ताशी साठ ग्रॅमपर्यंत कार्बोहायड्रेट आणि अर्धा ते पाऊण लिटर पाणी; जेल नवीन असेल तर आज नाही.

पंक्चर झालं म्हणजे संपलं असं मानणं

२०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये ब्रिटनच्या टॉम पिडकॉकचा पुढचा टायर गेला, चाक बदलण्यात सुमारे चाळीस सेकंद गेले, तरी सुवर्ण त्यानेच नेलं. पण ते चाक टेक झोनमध्ये, म्हणजे दुरुस्तीसाठी ठरवलेल्या जागेत, बदललं. यूसीआयच्या (सायकलिंगच्या जागतिक संघटनेच्या) नियमांनी चालणाऱ्या शर्यतीत चाक तिथेच बदलता येतं, अख्खी सायकल बदलता येत नाही, आणि झोन मागे राहिला म्हणून उलट फिरून जाता येत नाही. एका फेरीने मागे पडण्याच्या बेतात असलेल्यांना ८० टक्क्यांच्या नियमाने (पिछाडी पुढच्याच्या एका फेरीच्या वेळेच्या ८० टक्क्यांवर गेली की) बाहेर काढतात; स्थानिक आयोजक तो लावणार आहेत का, ब्रीफिंगमध्ये विचारा.

सोबत प्लग (भोकात खुपसायची रबरी पट्टी), एक टायर लिव्हर, क्विक-लिंक (चेन जोडायची कडी), चेन तोडायचं टूल आणि टायर फुगवायला २५ ग्रॅमचं सीओटू (कार्बन डायऑक्साइड) काडतूस ठेवा. हवा सुसाटत असेल तर आधी चाक फिरवून भोक खाली आणा, सीलंटला दहा सेकंद द्या, मग प्लग खुपसा. गॅस भरताना व्हॉल्व्ह वरच्या बाजूला ठेवा, नाहीतर थंड झोत थेट सीलंटवर बसून त्याच्या गुठळ्या होतात. दुसऱ्या दिवशी सकाळी तो टायर मऊ लागला तर पुन्हा पंक्चर शोधत बसू नका. सीओटू रबरातून हवेपेक्षा लवकर झिरपतो. गॅस सोडून पंपाने साधी हवा भरा.