मोबाइलवर आलेला पावसाचा इशारा वाचावा कसा आणि त्यावर ठरवावं काय

दर जुलैत एक संवाद हमखास कानावर पडतो. "काय तुमचा ऑरेंज अलर्ट! दिवसभर कडकडीत ऊन होतं." शाळांना सुट्टी मिळते, पोरं मैदानावर क्रिकेट खेळतात आणि हवामान खात्यावरचे विनोद संध्याकाळपर्यंत सगळ्या ग्रुपवर फिरून येतात. पुढच्या वेळी इशारा आला की तो न वाचताच सरकवला जातो. नेमकं त्याच दिवशी पाणी घरात शिरतं.

इशारे कधी चुकत नाहीत असं नाही. पण बऱ्याचदा आपण एका प्रश्नाचं उत्तर दुसऱ्याच प्रश्नाला लावतो. उपग्रह, रडार, पर्जन्यमापकं आणि महासंगणकावर चालणारी हवामानाची गणिती प्रतिमानं यांतून जे बाहेर पडतं, त्यातलं काही पुढच्या पाच दिवसांसाठी असतं, काही पुढच्या तीन तासांसाठी आणि काही फक्त काही मिनिटांपुरतं. छत्री घ्यायची की गाव सोडायचं, हे प्रत्येक वेळी वेगळ्या पडद्यावर बघावं लागतं. ते कसं करायचं, ते क्रमाने पाहू.

आधी फोन तयार करा, आणि हे मे महिन्यातच करा

चार सरकारी ॲप पुरेशी आहेत. हवामान विभागाचं 'मौसम', विजांसाठी पुण्याच्या पाषाणमधल्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेचं 'दामिनी', राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाचं 'सचेत' आणि शेती असेल तर 'मेघदूत'. नदीकाठी राहत असाल तर केंद्रीय जल आयोगाचं 'फ्लडवॉच इंडिया' हे पाचवं. खाजगी हवामान ॲप हवं तर ठेवा, पण त्यातला "दुपारी ३ वाजता ६० टक्के" हा आकडा तुमच्या गल्लीसाठी काढलेला असतो असं मात्र समजू नका.

ॲप टाकलं की काम संपलं असं बहुतेकांना वाटतं. दामिनी आणि सचेतला लोकेशनची परवानगी 'नेहमी' अशी द्या, आणि बॅटरी वाचवणारी सोय या दोघांपुरती बंद करा. नाहीतर फोन खिशात झोपलेला असताना ॲपही झोपतं आणि सूचना वीज पडून गेल्यावर येते.

दुसरी गोष्ट सेल ब्रॉडकास्टची. २०२३ मध्ये दूरसंचार विभागाने चाचणी घेतली, तेव्हा देशभर फोन अचानक कर्कश वाजले होते, आठवत असेल. त्याला ॲप लागत नाही, इंटरनेट लागत नाही, तुमचा नंबर कुणाकडे असावा लागत नाही. ठरावीक मोबाइल टॉवरच्या टप्प्यात जेवढे फोन आहेत, तेवढ्या सगळ्यांवर संदेश एकदम उमटतो. त्या आवाजाला वैतागून अनेकांनी ती सोय तेव्हाच बंद केली आणि ती अजून बंदच आहे. अँड्रॉइडमध्ये सेटिंगच्या शोधपट्टीत 'इमर्जन्सी अलर्ट' असं टाका. आयफोनमध्ये 'नोटिफिकेशन्स' उघडून अगदी तळाशी जा. घरातल्या म्हाताऱ्या माणसांचे फोनही याच बैठकीत तपासून टाका.

रंग बघा, पण रंगावर थांबू नका

हिरवा म्हणजे इशारा नाही. पिवळा म्हणजे लक्ष ठेवा. नारिंगी म्हणजे तयारीत राहा. लाल म्हणजे कृती करा. इथपर्यंत सगळ्यांना ठाऊक असतं. हा रंग फक्त पावसाच्या मिलिमीटरवरून ठरत नाही, हे मात्र फार थोड्यांना माहीत असतं. घटना घडण्याची शक्यता किती आणि घडली तर त्या भागात नुकसान किती, या दोन्हींचा मेळ घालून रंग ठरतो. जुलैत रत्नागिरीत ७० मिलिमीटर पाऊस म्हणजे नेहमीचा मंगळवार. तोच जालन्यात पडला तर ओढे रस्त्यावर येतात.

म्हणून रंगाखालचा मजकूर वाचा. त्यात तीन गोष्टी शोधायच्या: किती, कुठे आणि किती खात्रीने.

किती: २४ तासांत ६४.५ ते ११५.५ मिलिमीटर म्हणजे मुसळधार, तिथून २०४.४ पर्यंत अतिमुसळधार आणि त्यापुढे अत्यंत मुसळधार. यातले २४ तास सकाळी साडेआठ ते दुसऱ्या दिवशी सकाळी साडेआठ असे मोजतात. 'काल इतका पाऊस' हा पेपरातला आकडा आणि तुमच्या आठवणीतला काल जुळत नाहीत, ते यामुळे.

कुठे: 'तुरळक ठिकाणी' म्हणजे त्या भागातल्या जास्तीत जास्त पाव केंद्रांवर. 'काही ठिकाणी' म्हणजे निम्म्यापर्यंत, 'बऱ्याच ठिकाणी' म्हणजे पाऊण भागापर्यंत आणि त्यापुढे 'बहुतांश ठिकाणी'. "जिल्ह्यात तुरळक ठिकाणी अतिमुसळधार" असा इशारा असेल आणि तुमच्याकडे ऊन पडलं, तर इशारा खोटा ठरत नाही. चार केंद्रांपैकी निदान तीनवर अतिमुसळधार पडणार नाही, हे त्या वाक्यातच लिहिलेलं होतं. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, आणि त्याच शहरात कुलाब्याला फक्त ७३. इतकं अंतर एका शहरात पडत असेल, तर ताम्हिणीपासून दौंडपर्यंत पसरलेल्या पुणे जिल्ह्याचं काय सांगावं! म्हणूनच पुण्याच्या इशाऱ्यात घाटमाथा वेगळा दिलेला असतो. तुम्ही कुठे राहता आणि आज कुठे जाणार आहात, दोन्ही बघा.

किती खात्रीने: इंग्रजी पत्रकात 'लाइकली' असेल तर २५ ते ५० टक्के, 'व्हेरी लाइकली' असेल तर ५० ते ७५ आणि 'मोस्ट लाइकली' असेल तर ७५ च्या वर. मराठीत हे सगळं बहुधा 'शक्यता आहे' या दोन शब्दांत विरघळतं, त्यामुळे महत्त्वाचा निर्णय असेल तेव्हा इंग्रजी पत्रक उघडून बघावं.

निघण्याआधी तीन तासांचा अंदाज आणि रडार

सकाळचा इशारा हा दिवसाचा बेत ठरवायला. घराबाहेर पाऊल टाकताना मात्र 'नाउकास्ट' बघायचा. तो पुढच्या जास्तीत जास्त तीन तासांपुरता असतो आणि त्यातली चूक खूप कमी असते.

रडारचं चित्र वाचणं अवघड नाही. मुंबईत कुलाबा आणि वेरावली इथे, तसंच नागपूर आणि गोव्यात डॉप्लर रडार आहेत. चित्राच्या बाजूला रंगांची पट्टी असते आणि तिच्यावर डीबीझेडचे, म्हणजे पावसावर आपटून परत आलेल्या रडारलहरींच्या जोराचे, आकडे. विशीतले आकडे म्हणजे भुरभुर, चाळिशीच्या पुढे जोरदार सर, पन्नाशी ओलांडली की गारांची शंका घ्यावी. एकच चित्र बघून फारसं कळत नाही. एकामागोमाग तीन-चार चित्रं बघा आणि ठिपका कुठल्या दिशेने सरकतोय ते धरा. अर्ध्या तासात तो वीस किलोमीटर पुढे आला असेल आणि तुमच्यापासून चाळीसवर असेल, तर एक तास हातात आहे. मळणी उरकायला किंवा लोकल पकडायला तेवढा पुरतो.

एक मर्यादा लक्षात ठेवा. रडारपासून जितकं लांब जावं तितकी त्याची किरणं जमिनीपासून उंच जातात, आणि सह्याद्रीच्या आडही बरंच काही लपतं. ठेंगण्या ढगांचा घाटातला पाऊस चित्रात दिसतो त्याहून जास्त असू शकतो.

विजेचं वेळापत्रक मिनिटांचं

मराठवाडा-विदर्भात मान्सूनपूर्व दिवसांत आणि परतीच्या पावसात विजा माणसं नेतात, जनावरं तर त्याहून जास्त. दामिनी तुमच्याभोवती २० आणि ४० किलोमीटरचा परीघ धरून गेल्या पाच, दहा, पंधरा मिनिटांत पडलेल्या विजा वेगवेगळ्या रंगांत दाखवतं. ठिपके ४० च्या वर्तुळात आले की अवजारं गोळा करायची, जनावरं झाडाखाली बांधली असतील तर सोडवायची. २० च्या आत आले की शेत सोडायचं. वाफा पुरा करून निघू, पंप बंद करून निघू, असं म्हणत थांबायचं नाही.

रेंज नसेल तर कान वापरा. लखलखाट दिसल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंतचे सेकंद मोजा. आवाज साधारण तीन सेकंदांत एक किलोमीटर कापतो, म्हणजे तीस सेकंदांच्या आत गडगडाट आला तर वीज दहा किलोमीटरच्या आत आहे. पक्क्या घरात किंवा काचा बंद केलेल्या चारचाकीत जा. झाड, पत्र्याचं उघडं शेड, पाण्याने भरलेलं शेत टाळा. शेवटचा गडगडाट ऐकल्यावर अर्धा तास बाहेर पडू नका; पाऊस थांबला म्हणून लगेच निघालेली माणसं या अर्ध्या तासात सापडतात.

पुराचा स्वतःचा आकडा काढा

हे मी सगळ्यांत महत्त्वाचं मानतो, आणि हे कुठलंच ॲप तुमच्यासाठी करून देत नाही.

कोल्हापुरात पंचगंगेची पातळी राजाराम बंधाऱ्यावर मोजतात. इशारा पातळी ३९ फूट, धोका पातळी ४३ फूट. सांगलीत कृष्णेची पातळी आयर्विन पुलाजवळ बघतात, तिथे हेच आकडे ४० आणि ४५. २०१९ च्या ऑगस्टमध्ये सांगलीचं पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं. पावसाळ्यात तिथल्या चहाच्या टपरीवरही माणसं फूट-इंचांत बोलतात. "काल रात्री एक्केचाळीसला होतं, आता बेचाळीस-चार."

पण ४३ हा शहराचा आकडा झाला. तुमच्या दाराचा कुठला? गल्लीतल्या जुन्या माणसांना विचारा: राजारामला किती फूट असताना पाणी कोपऱ्यावर आलं, किती असताना उंबऱ्याला लागलं? २०१९ आणि २०२१ चे फोटो फोनमध्ये असतील तर त्यांची तारीख-वेळ आणि त्या वेळची पातळी जुळवा. समजा, तुमच्या उंबऱ्याचा आकडा निघाला ४७. मग उलटं मोजा. सामान माळ्यावर चढवायला सहा तास लागतात, म्हातारी आई आणि दोन म्हशी हलवायला अर्धा दिवस. पाणी तासाला किती इंच चढतंय ते बघा. दोन इंच असेल तर बारा तासांत दोन फूट. म्हणजे ४५ ला तुम्ही घराबाहेर असायला हवं आणि ४३ ला म्हशी हललेल्या असायला हव्यात. हे तीन आकडे कपाटाच्या दाराला आतून चिकटवून ठेवा. रात्री दोन वाजता, दिवे गेलेले असताना डोकं चालत नाही. कागद वाचता येतो.

धरणाच्या बातम्याही याच हिशेबात धरायच्या. राधानगरीचे सात दरवाजे स्वयंचलित आहेत, पाणी ठरावीक उंचीवर गेलं की आपोआप उघडतात, आणि एका दरवाजातून १४२८ क्युसेक, म्हणजे सेकंदाला सुमारे ४० हजार लिटर पाणी पंचगंगेला मिळणाऱ्या भोगावतीत येतं. 'तीन नंबरचा दरवाजा उघडला' असा संदेश आला की पंचगंगेवर त्याचा परिणाम दिसायला काही तास जातात. तेवढा वेळ तुमचा.

मुंबईकरांचा आकडा वेगळा. साडेचार मीटरवरच्या भरतीचे दिवस महापालिका पावसाळ्याआधीच जाहीर करते. भरतीच्या वेळी नाल्यांची तोंडं समुद्राच्या पाण्याखाली जातात, त्यामुळे त्या दोन-तीन तासांत पडलेल्या पावसाला बाहेर जायला वाट नसते. नारिंगी इशारा आणि मोठी भरती एकाच दुपारी आली, तर हिंदमाता किंवा अंधेरी सबवेतून जाण्याचा बेत सकाळीच रद्द करा. ऑफिसला कळवायचं असेल तर तेव्हाच कळवा, लोकल बंद पडल्यावर नको.

उरलेले निर्णय: चूक कुठल्या बाजूला परवडते?

सगळे निर्णय असे जीवाशी येत नाहीत. ऑक्टोबरात सोयाबीनची गंजी उघड्यावर आहे आणि पावसाची शक्यता तीस टक्के. दहापैकी सात वेळा ताडपत्री टाकणं फुकट जाणार. तरी टाकावी, कारण फुकट गेली तर तासाभराची मेहनत जाते आणि न टाकता पाऊस आला तर हंगाम जातो. याच तीस टक्क्यांवर लग्नाचा मांडव दुसरीकडे हलवायची गरज नाही. फवारणीचं गणित मधलं: औषध धुऊन गेलं तर पैसे गेले, एक दिवस थांबलात तर सहसा काही बिघडत नाही, म्हणून थांबावं. त्यासाठी मेघदूतवरचा कृषी सल्ला मंगळवारी आणि शुक्रवारी नवा येतो, तो जिल्ह्यानुसार बघून आठवड्याची कामं लावावीत.

पुढे पाठवण्याआधी

व्हॉट्सॲपवर आलेल्या नकाशावर 'जारी केल्याची वेळ' शोधा. ती नसेल तर तो नकाशा तुमच्या उपयोगाचा नाही. पूर आला की गेल्या वर्षीचे, कधी दुसऱ्याच राज्यातले व्हिडिओ 'आत्ता धरण फुटलं' म्हणून सुटतात. जिल्ह्याच्या आपत्ती नियंत्रण कक्षाचा नंबर १०७७, मुंबई महापालिकेचा १९१६ आणि तातडीच्या मदतीसाठी ११२. हे तिन्ही फोनमध्ये नावानिशी साठवा, आणि कागदावरही लिहा, कारण बॅटरी संपली की शेजाऱ्याच्या फोनवरून लावावे लागतात.